यूपीआय अडवलं म्हणून गळा काढणाऱ्यांना एका गटसचिवाचं उत्तर

तापीथडी
काल आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर एकाची पोस्ट फिरत होती. मजकूर असा: "सरकारने रमीचे आणि टीम लावायचे ॲप बंद पाडले, बँकांना आमचे पैसे पाठवायला मनाई केली. आम्ही स्वतःच्या कमाईचे लावत होतो, टॅक्स भरत होतो. तुमच्या बापाचं काय गेलं?" खाली धडाधड अंगठे.

बापाचं काय गेलं ते सांगतो. मी विकासोचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा गटसचिव, एकवीस वर्षं झाली. मार्चमध्ये कर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं उचलायला लोक येतात, तेव्हा घरात काय चाललंय ते सगळं टेबलावर येतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा हा कायदा यायच्या आधीच्या मार्चमध्ये एक माउली पोराचं पासबुक घेऊन आली. एकात पानं पुरली नाहीत म्हणून दुसरं जोडलेलं, दोन्हींना मिळून स्टेपलची पिन. आत ४९, ४९, ९९, ४९, ५००, ५००. एकाच तारखेला एकोणीस एंट्र्या. मध्येच १२० जमा, की लगेच पुन्हा ५००. पोराच्या मोबाईलवर मेसेज कधी येतात ते तिने पाहिलं होतं. मला विचारते, "भाऊ, हा कोणता दुकानदार आहे, रात्री दीड वाजता दुकान उघडं ठेवतो?" तिची मंगलपोत तेव्हा सोनेतारणात होती. तारण कुणी ठेवली हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्यामुळे २२ ऑगस्ट २०२५ ला त्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तेव्हा मला बरं वाटलं. लपवत नाही.

पिलबाग
ती पोस्ट माझीच आहे. समोर येऊन बोलतो.

सचिवसाहेब, एका माउलीच्या पासबुकावरून सगळ्यांना त्यात ओढू नका. सरकारनेच आकडा दिलाय: ४५ कोटी लोक, वर्षाला २०,००० कोटींचं नुकसान. करा भागाकार. माणशी ४४४ रुपये. माझा तंबाखूचा खर्च याच्या कितीतरी पट आहे, त्यावर पेमेंट बंद करा की.

आणि टॅक्सचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून १०० भरले की त्यातले २१ रुपये ८८ पैसे जीएसटीत जायचे. जिंकलो तर वर ३० टक्के टीडीएस. दोन वर्षं माझ्या हरण्यावर आणि जिंकण्यावर, दोन्हींवर सरकार जेवलं. आता हात धुऊन म्हणे जुगार वाईट!

राहिला जुगार. मी केळी लावतो. पिलबाग, म्हणजे कापलेल्या केळीच्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक, पोसायला किती लागतं ते तुम्हालाच माहीत, कर्ज तुम्हीच देता. घड कापणीला आला की वादळ येतं, नाहीतर बोर्डाचा भाव एक आणि व्यापारी देतो दुसराच. कटती वेगळी. यात माझं किती गेलं याचा हिशेब कोणत्या मंत्र्याने काढला? ४९ रुपयांच्या टीममध्ये निदान निकाल रात्री अकराला कळतो.

तापीथडी
४४४ ही सरासरी झाली. कुणाचे ४९ जातात आणि कुणाचे साडेचार लाख. ४९ वाला माझ्या टेबलावर येतच नाही, साडेचारवाला येतो.

केळीचं दुःख खरं आहे. पण केळी रात्री दीड वाजता "फक्त आणखी एकदा" म्हणून लावता येत नाही.

धुळेवकील
दोघेही कायदा न वाचता भांडत आहात. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षं आणि १ कोटीपर्यंत दंड. पैशाचा व्यवहार करून देणाऱ्याला, म्हणजे बँक किंवा पेमेंट कंपनीला, तेवढंच. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं, ५० लाख. खरी खोच वेगळी आहे. कौशल्य की नशीब हा फरकच यात पुसला. १९६८ साली सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटला, १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीला तेच म्हटलं. आपला मुंबईचा १८८७ चा जुगार कायदासुद्धा निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावत नाही. आता ऑनलाइन पैसे लावले की विषय संपला, मग ते कौशल्य असो नाहीतर आणखी काही. यावर कंपन्या कोर्टात गेल्या आहेत. तिथे निकाल लागेल, इथे नाही.

नालमाफ
वकीलसाहेब तुमचं कोर्ट राहू द्या. मी सांगतो खाली काय चाललंय. नाव विचारू नका.

बंद कोण झालं? पॅन कार्ड मागायचे ते. ड्रीम इलेव्हनचे पैशाचे खेळ थांबले, जर्सीवरून नाव गेलं, आशिया कप आपली टीम स्पॉन्सरशिवाय खेळली. आणि 'आयडी', म्हणजे बेकायदा सट्ट्याचं खातं, देणारे? ते कुठे जाणार? ते आधीही कायद्यात नव्हते, आताही नाहीत. व्हॉट्सॲपवर हाय म्हणा, क्यूआर येतो. तासाभराने तो क्यूआर बंद, दुसऱ्याच्या नावाचा येतो. त्या खात्याचा मालक कुठेतरी शेतावरचा सालदार असतो नाहीतर कॉलेजचं पोरगं, महिन्याला चार-पाच हजारांवर खातं भाड्याने दिलेलं. उद्या सायबर सेलची नोटीस त्याच्याच घरी जाणार. सेशन, म्हणजे ठराविक षटकांतल्या धावांवर पैसे, लावणाऱ्याला काही फरक पडलेला नाही. फरक एवढाच की आधी जिंकलेले पैसे खात्यात यायचे. आता आयडीवाला म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे भो, सोमवारच्या वलणात बघू." वलण म्हणजे हिशेब चुकता करायचा दिवस. माझे ३८ हजार सोमवारची वाट बघत आहेत. कोणता सोमवार ते तो सांगत नाही.

पिलबाग
ऐका सचिवसाहेब. हेच म्हणत होतो. उजेडातलं दुकान बंद केलं, गिऱ्हाईक अंधारात गेलं.

जर्सीकर
मूळचा भुसावळचा, आता न्यू जर्सीत. इथे हे सगळं होऊन गेलंय म्हणून सांगतो. ऑक्टोबर २००६ मध्ये बुशने बंदरांच्या सुरक्षेच्या कायद्यावर सही केली, त्यात शेवटी हे कलम चिकटवलेलं: ऑनलाइन जुगाराचे पैसे बँकांनी चालवायचे नाहीत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. अगदी तुमच्यासारखं. पार्टीगेमिंग नावाची शेअर बाजारात असलेली मोठी कंपनी गाशा गुंडाळून गेली, तिची जागा बाहेरच्या देशात बसलेल्यांनी घेतली. १५ एप्रिल २०११ ला सरकारने तीन मोठ्या पोकर साइट्सवर टाच आणली. त्यातल्या फुल टिल्टवर खेळणाऱ्यांचे पैसे अडकले, परत मिळायला २०१४ उजाडलं. आणि २०१८ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने राज्यांना क्रिकेटसारख्या खेळांवरची बेटिंग उघडायची मोकळीक दिली. आता टीव्हीवर दर पाच मिनिटांनी बेटिंगची जाहिरात. बारा वर्षं पेमेंट अडवून काय मिळवलं?

तापीथडी
२००६ नंतर खेळणारे वाढले की घटले?

जर्सीकर
सुरुवातीला घटले. सहज म्हणून खेळणारे गळाले, पट्टीचे राहिले.

तापीथडी
मग तेच तर म्हणतोय. सहज म्हणून खेळणारा गळाला तरी मला पुष्कळ आहे. आणि दादा, क्रिकेटवर तिथे बेटिंग कमी, फुटबॉलवर जास्त असेल, एवढं तर मलाही कळतं.

काळी_कसदार
सगळ्यांनी शहाणपण पाजळलं, आता माझं ऐका. पत्ते खान्देशाला कुणी शिकवले नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावोगाव पत्ते बसतात, पंजोबापासून. दोन-तीन दिवस. रमी, तीन पत्ती, झन्नामन्ना. नंतर माणूस औताला. वर्षभर पत्त्याला हात नाही. आमच्या गावात नाल, म्हणजे डावातून काढलेला वाटा, निघायची ती मंदिराच्या कळसाला लागली. यात कुणाचं घर बुडालं? मोबाईलने नास केला, पत्त्यांना नावं ठेवू नका. सरकारने आखाजीचे पत्ते बंद करून दाखवावेत!

झोका
कुणाचं घर बुडालं विचारता? माझं. म्हणजे बुडालं नाही, पण पाणी घरात आलं होतं.

चोपडा तालुक्यातलं गाव. आखाजीला आम्ही पोरी निंबाच्या झोक्यावर, आणि खळ्यात वडील. तुम्हाला माहीतच आहे, सालदाराचं साल आखाजीला फिरतं. जुना हिशेब चुकता करायचा, नव्याला उचल द्यायची. ती उचल आईने डाळीच्या डब्यात ठेवली होती, वडिलांनी नेली. दुसऱ्या दिवशी सालदार दारात बसून होता, दुपारी उठला आणि दुसऱ्याच्या ओट्यावर गेला. त्या दिवशी घागरी भरल्या, पुरणपोळी, रस, सगळं झालं. पितरांना आगारी, म्हणजे विस्तवावर घास, टाकायची तर वडील खळ्यातून उठेनात. आईने डोक्यावर पदर घेऊन स्वतः टाकली. मी नऊ वर्षांची. मला तेव्हा वाटलं, बाईने आगारी टाकली म्हणून काही वाईट होईल. वाईट ते झालंच होतं, पाटल्या गेल्या होत्या.

कळसाला नाल लागली म्हणता ना, त्या कळसात आमच्या पाटल्याही आहेत.

काळी_कसदार
ताई, वाईट वाटलं. पण एका माणसाने ताळ सोडला म्हणून सणाला दोष देऊ नका. आणि हरले ते पैसे गावातच राहिले, शेजाऱ्याकडे. दुबईला गेले नाहीत.

झोका
शेजाऱ्याकडे गेले म्हणून परत आले का? उलट रोज त्याचं तोंड बघावं लागलं. दुबईचा बरा, तो निदान हळदीकुंकवाला येत नाही.

काळी_कसदार
तुमच्यासारख्यांनी अशीच एकेक प्रथा मोडीत काढली. आधी झोके गेले, आता पत्ते.

झोका
झोके आम्ही घालवले? झोका बांधायला निंब ठेवलाय का गावात? तोडले कुणी, मोटारसायकली लावायला पत्र्याचे शेड टाकायला? आखाजीची गाणी म्हणायला पोरी येत नाहीत कारण सासरहून धाडत नाहीत, त्यावर कधी बोललात? पत्ते तेवढे परंपरा!

लालपरी
आमच्या शिरपूरकडे अजून झोके बांधतात. फक्त सांगितलं.

काळी_कसदार
आमचा निंब रस्तारुंदीकरणात गेला. मी तोडला नाही. माहीत नसताना बोलू नये.

नालमाफ
मूळ मुद्दा काय होता भो? माझे ३८ हजार.

सौदा_पक्का
तुम्ही सगळे चिल्लर आहात, माफ करा. मी जळगावात शेअर बाजारात ऑप्शन खेळतो, कायदेशीर. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचाच अभ्यास आहे: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या १०० पैकी ९३ किरकोळ लोकांना तोटा, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. तुमच्या २०,००० कोटींचं काय घेऊन बसलात? माझा यूपीआय कुणी अडवला? उलट दलाल सकाळी फोन करून विचारतो, "सर, आज काही नाही का?" आणि सरकारी लॉटरी? १९६९ पासून चालू. गांधीजी असलेली नोट तिथे चालते.

पिलबाग
तू त्या ७ मध्ये की ९३ मध्ये?

सौदा_पक्का
प्रश्न तो नाहीये.

पिलबाग
हाच आहे.

धुळेवकील
लॉटरीचा मुद्दा मात्र रास्त आहे. आणि विधान परिषदेत मंत्र्याच्या मोबाईलवर रमी दिसली, जुलै २०२५. ते म्हणाले मी खेळत नव्हतो. कृषी खातं गेलं आणि मिळालं कोणतं? क्रीडा. न्यायाधीशाला हसू आलं तर मी आक्षेप घेणार नाही.

तापीथडी
ऑप्शनवाल्या भाऊंचं मान्य. लॉटरीचंही मान्य. नालमाफ यांचं अर्धं मान्य: आयडीवाले पकडले जात नाहीत तोवर हा कायदा एका पायावर उभा आहे. पण म्हणून दुसरा पायही काढा, हे मी म्हणणार नाही.

यंदाच्या मार्चची गोष्ट. तीच माउली आली, नवं-जुनं करायला. मी पासबुक मागितलं. पोराने या वर्षात काय केलं ते बघायचं होतं, खोटं कशाला सांगू. एकच पासबुक, त्यातही कोरी पानं शिल्लक. जमा: कापसाचे पैसे. नावे: खत, बियाणं, मोबाईलचा रिचार्ज. पण दर आठ-दहा दिवसांनी एक एंट्री, दोन हजारांची, दरवेळी वेगळ्याच माणसाच्या नावावर. मी तिला काही बोललो नाही.

नालमाफ
आयडी आहे. पोराला म्हणा, सोमवारची वाट बघू नको.

पिलबाग
सचिवसाहेब, एक कबूल करतो, तुमच्यावर उपकार म्हणून नव्हे. ॲप बंद झाल्यापासून माझे महिन्याला अडीच-तीन हजार वाचतात. आयडीच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण अनोळखी माणसाला पैसे पाठवायला भीती वाटते. याचं श्रेय कायद्याला नाही, माझ्या भित्रेपणाला. ती पोस्ट मात्र काढणार नाही.

झोका
तुमच्या बायकोने वाचली का ती पोस्ट?

पिलबाग
तिनेच पहिला अंगठा दिला. वाचून नाही, सवयीने.

काळी_कसदार
वकीलसाहेब, एकच विचारायचंय. झन्नामन्ना कौशल्यात बसतो का?

धुळेवकील
नाही.

काळी_कसदार
तुम्ही खेळला नाहीत म्हणून असं म्हणता.