मदत हवी आहे : मनन करायला बसलो की प्रवचनच का होतं?

सर्वांना सप्रेम सलाम. दादरला गुरुवारी संध्याकाळी आठ जणांच्या गटात ‘समाधान’ या विषयावर मनन चालतं. वेळ 40 मिनिटं. बायबलमधला उतारा दोनदा सावकाश वाचायचा, मनात अडकलेला एकच शब्द धरायचा, 10 मिनिटं शांतता, मग प्रार्थना. फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय अख्खा घेतला तेव्हा शब्द अडकायच्या आधीच चर्चा पेटली. आता 11 ते 13 एवढीच वचनं घेतो. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे तृप्त राहायला ‘शिकलो’ म्हणतो, तेही बंदिवासातून; म्हणजे हा स्वभाव नव्हे, सवय आहे. स्तोत्र 131 तर तीनच वचनांचं, आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळाचं. नवख्यांना तेच बरं.

अडचण शांततेची. चौथ्या-पाचव्या मिनिटाला कुणीतरी बोध करू लागतो, नाहीतर प्रार्थना मागण्यांची यादी होते. (मोबाइल बाहेर ठेवूनही!) 10 ऐवजी 3 मिनिटांपासून वाढवत जावं का? शांततेआधी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हटलं तर मन स्थिरावतं की उलट गाण्यातच रमतं? आणि लोकलच्या गर्दीत रोज उभ्याने करता येईल असं काय द्यावं? एक वचन पाठ करून श्वासाबरोबर म्हणणं कुणी गटाकडून करून घेतलंय का?