मदत हवी आहे: लातूरची वीज गेली की उदगीर आणि निलंगा एकमेकांपासून तुटतात

नमस्कार. लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत, उदगीरला दालमिल आणि निलंग्याला खरेदी केंद्र आहे. तिन्ही ठिकाणी ओपनडब्ल्यूआरटीचे (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) राउटर बसवून मी ती वायरगार्डने (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी करणारे व्हीपीएन) जोडली आहेत. स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) फक्त लातूरला असल्यामुळे बाकीची दोन्ही केंद्रे तिथेच येऊन मिळतात आणि निलंग्याच्या वजनकाट्यावरची पावतीदेखील लातूरमार्गेच उदगीरला पोहोचते. सुरुवातीला तिन्हीकडे १९२.१६८.१.० हेच नेटवर्क होते, त्यामुळे पिंग (जोडणी तपासणारा संदेश) घराबाहेरच पडत नव्हते (हे कळायला मला दोन रात्री लागल्या). आता १०, २० आणि ३० अशी विभागणी केली आहे.

गेल्या आठवड्यात यार्डातील वीज गेली आणि तासाभरात इन्व्हर्टरनेही मान टाकली. उदगीर व निलंगा येथे इंटरनेट व्यवस्थित चालू असूनही तुरीची गाडी मिलच्या फाटकावर अडकली, कारण चालकाच्या खिशातली पावती घामाने भिजून वजनाचा तिसरा आकडा वाचता येत नव्हता.

म्हणून उदगीर आणि निलंगा यांना एकमेकांचे पीअर (वायरगार्डमधले जोडीदार) केले, पण हँडशेक (जोडणीची सुरुवातीची ओळख) होत नाही. दोन्हीकडे फायबरच्या डब्यावर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटसाठी (कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची पद्धत) राखीव असल्याने बाहेरून थेट पोहोचता येत नसावे. पर्यायी वाट म्हणून निलंग्याच्या फाइलमध्ये उदगीरचे नेटवर्क दोन्ही पीअरच्या ‘अलाउड आयपीज’मध्ये (त्या पीअरकडे जाणाऱ्या पत्त्यांची यादी) लिहिले, तर ते शेवटच्या पीअरकडेच राहिले. थेट जोडणी शक्य आहे, की बाहेर भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागेल?

प्रतिसाद: सर्व्हरची गरज नाही. दोघांपैकी एकच टोक बाहेरून गाठता आले तरी पुरते. गाड्या उदगीरला येतात, तेव्हा स्थिर आयपी तिथेच घ्या, डब्यावरून यूडीपी ५१८२० (वायरगार्डचा नेहमीचा पोर्ट) आपल्या राउटरकडे वळवा आणि निलंग्याकडून जोडणी सुरू करून किपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) २५ सेकंद ठेवा. वायरगार्डमध्ये एका इंटरफेसवर (राउटरवरची आभासी जोडणी) एक पट्टा एकाच पीअरचा असतो, म्हणून थेट मार्गासाठी दोन्ही टोकांना वेगळा इंटरफेस करावा. मात्र समोरचे टोक मेले तरी इंटरफेस चालूच दिसतो, त्यामुळे मार्गांना नुसते मेट्रिक (प्राधान्यक्रमाचा आकडा) देऊन भागणार नाही. दर मिनिटाला पिंग करून मार्ग बदलणारी छोटी स्क्रिप्ट दोन्हीकडे हवी.

धागाकर्ता: मनःपूर्वक आभार. उदगीरला स्थिर आयपी मिळाला. काल दुपारी लातूरचा राउटर मुद्दाम बंद केला. निलंग्याची पावती मिलच्या संगणकावर आली. स्क्रिप्ट अजून लिहायची आहे.