मदत हवी आहे: पावसाळ्यात प्लास्टरचा साचा सुकतच नाहीये

नमस्कार मंडळी. लालबागला राहते, घरच्या गॅलरीत मातीचे मग बनवते. कुंभाराच्या चाकावर हात बसेना, म्हणून प्लास्टरच्या साच्यात स्लिप (मातीचा पातळ घोळ) ओतून करायला लागले. दोन भागांचा नवा साचा जूनअखेर ओतला. पाणी ७०० ग्रॅम, प्लास्टर १ किलो. नमुन्याला साबणाचे तीन हात दिले होते, त्यामुळे सुटला अगदी लोण्यासारखा.

घोडं अडलंय सुकण्यावर. तीन आठवडे झाले, तरी साचा गालाला लावला की गारच लागतो. (ही गालाची युक्ती शेजारच्या गणपती कारखान्यातल्या काकांची.) मे महिन्यातल्या साच्यात स्लिप पंधरा मिनिटांत छान जाड धरायची. यात पाऊण तास ठेवूनही नुसता पापुद्रा, आणि काढताना मगाचा कान तुटून साच्यातच राहिला. जीव हळहळला.

ओव्हनचा मोह होतोय, पण ५० अंशांच्या वर तापवलं की प्लास्टर भुसभुशीत होतं, म्हणून हात आवरलाय. दिवसरात्र पंखा पुरेल का? की डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) घ्यावाच? दोन्ही भाग रबराने बांधून सुकवू की सुटे? सुटे ठेवले तर वाकतील, अशी भीती वाटते.

आणखी एक. जुन्या साच्याला बाहेरून पांढरी लव आलीय. स्लिप पातळ राहावी म्हणून घालतात त्या सोडियम सिलिकेटचा क्षार असावा. ती ब्रशने झाडली तर चालेल ना?

आणि हो, भांड्यांच्या साच्यांचं प्लास्टर मुंबईत पाच किलोत कुठे मिळेल? २५ किलोची गोणी आमच्या घरात माझ्याआधी दमट होईल. धारावीच्या कुंभारवाड्यात कुणी विचारलंय का?