‘धोकादायक’ ठरवायचं कशावरून?

"डॉक्टरांनी माणूस धोकादायक ठरवला, तर त्याला आत ठेवायला हरकत कसली?" हा वरचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

न्यूयॉर्कच्या जॉनी बॅक्सस्ट्रॉमची शिक्षा डिसेंबर १९६१ मध्ये संपली, तरी मनोरुग्ण कैद्यांच्या डॅनेमोरा इस्पितळातून त्याला सोडलं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. त्यामुळे त्याच्यासारख्या ९६७ जणांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावं लागलं. पुढच्या चार वर्षांत त्यांतले कडेकोट इस्पितळात परत गेले फक्त २६! बाकीच्यांची आत गेलेली वर्षं कोण भरून देणार?

डॉक्टर वाईट होते असं मुळीच नाही, गणितच अवघड आहे. समजा, हजारांत २० जण खरोखर हिंसा करणार आहेत आणि आपली चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. २० पैकी १८ सापडतील. पण उरलेल्या ९८० मधले ९८ जणही विनाकारण अडकतील. म्हणजे शिक्का बसलेल्या ११६ पैकी ९८ चुकीचे. (हिंसा जितकी विरळ, तितका हा आकडा बिघडत जातो.)

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ८९ म्हणूनच मला मोलाचं वाटतं. दुसऱ्यांना धोका म्हणून संमतीविना दाखल करायचं, तर अलीकडचं हिंसक किंवा धास्ती वाटेल असं वागणं दिसावं लागतं, आणि मुदतही आधी ३० दिवसांचीच. घरच्यांनीही डॉक्टरांना "हा स्वभावानेच भयंकर आहे" असं न सांगता काय घडलं, कधी घडलं, हातात काय होतं, हे सांगावं.