गावात चोऱ्या वाढल्या, जबाबदार कोणाला धरायचं?

नदीकाठचा

मंडळी, येत्या रविवारी आमच्या गावात ग्रामसभा आहे. त्यात एक ठराव येणार आहे आणि त्यावर हात वर करायचा की नाही हे मला ठरवता येईना. म्हणून इथं विचारतोय.

आमचं गाव घोड नदीच्या काठी. साडेतीनशे उंबरा, ऊस आणि कांदा. शिवारात नदीवर साठ-पासष्ट मोटारी असतील. दिवाळीपासून त्यातल्या १९ मोटारींच्या केबली कापून नेल्या. बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, गेल्या. एक डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, फोडला, ऑइल सांडून दिलं आणि आतली तांब्याची कॉइल काढून नेली. त्या डीपीवरच्या बारा जणांचं पाणी अठरा दिवस बंद होतं.

माझी केबल दोनदा गेली. दुसऱ्या वेळेला शेतीची लाईट रात्री यायचा आठवडा होता. मोटार ऑटोवर टाकलेली. पूर्वी आम्ही रात्री एक चक्कर मारायचो, आता बिबट्यामुळं अंधार पडल्यावर नदीकडं जायला कुणी धजत नाही. सकाळी बघतो तर सरी कोरडी. खाली गेलो. स्टार्टरच्या पेटीतून हातभर केबल लोंबत होती, तोंड एकदम सपाट कापलेलं. तसाच काठाकाठानं चालत गेलो. ओढ्याच्या वळणावर बाभळीखाली काळा डाग दिसला. जळक्या प्लॅस्टिकचा वास अजून होता. राख काठीनं उकरली तर त्यात बांधायच्या तारेचे तुकडे सापडले. केबल पाइपाला मी त्या तारेनं बांधतो, पक्कडीनं दोनच पीळ देऊन, कारण तिसऱ्या पिळाला ती तुटते. दोन पिळांचे अकरा तुकडे मोजले. माझीच केबल माझ्या वावरापासून तीनशे पावलांवर बसून निवांत जाळली होती.

आता ठरावाचं. गायरानात तीन वर्षांपासून पारधी समाजाची सहा पालं आहेत. ती उठवायची, असा ठराव आहे. काही जण म्हणतात, चाळीत भाड्यानं राहणारी कंपनीतली पोरं. काही जण हळू आवाजात गावातल्याच दोन-तीन पोरांची नावं घेतात, मोबाइलवर रमी खेळून कर्जात बुडालेली. म्हातारी माणसं पोलिसांना बोल लावतात. पोलीस पाटलाची जागा आमच्याकडं चार वर्षं रिकामी आहे.

तुमच्या भागात असं झालं असेल तर सांगा. जबाबदार कोणाला धरलंत आणि काय केलंत?

रिवाइंडिंगवाला

दादा, मोटारींच्या कॉइली नव्यानं भरायचं माझं दुकान आहे, बावीस वर्षं. आधी तांब्याचा हिशेब बघा. चार एमएमची तीन कोर केबल, शंभर मीटर, म्हणजे पावणेअकरा किलो निव्वळ तांबं. भंगाराचा भाव सातशेच्या पुढं आहे. पण चोराला तो भाव मिळत नाही, घाईचा माल म्हणून निम्म्यावर सौदा होतो. वरचा निम्मा घेणाऱ्याच्या खिशात. तुमचं नुकसान नवी केबल, वायरमनची मजुरी आणि वाळलेलं पीक.

जळकं तांबं हातात घेतलं की कळतं. काळपट लाल असतं, नखानं खपली निघते, तार मऊ पडलेली असते. अर्थात जळकं म्हणजे चोरीचंच असं नाही. आम्हीही जुनी कॉइल जाळूनच काढतो. पण आमचा माल कॉइलीच्या आकाराचा असतो, वेटोळ्याचा. सरळ लांब तार गुंडाळून आणली तर ती केबलीतली. वजन करणाऱ्याला हे कळत नाही असं मला कुणी सांगू नये. माझ्या दुकानी असा माल दोनदा आला. मी नाव-गाव विचारलं, पोरं पिशवी उचलून गेली. ती पिशवी परत घरी गेली नसणार, पुढच्या कुठल्यातरी भंगारवाल्याच्या काट्यावर उतरली असणार. तुमच्या पंधरा-वीस किलोमीटरच्या टप्प्यात नाव न विचारता तांबं कोण घेतो, ते शोधा.

शिवारफेरी

स्पष्ट बोलतो. आमच्याकडं पालं आल्यावरच चोऱ्या सुरू झाल्या. दोघांना धरून चोप दिला, पालं उठली, चोऱ्या थांबल्या. पोलिसांच्या नादी लागाल तर दुसरी केबल पण जाईल. शेतकऱ्यानं किती सोसायचं? माझी स्वतःची तीन एकर मिरची पाण्यावाचून गेली, तेव्हा कुणी आलं नाही.

खाकी निवृत्त

नोकरी ३१ वर्षं झाली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. जिल्हा दुसरा.

नदीकाठचा, मला एक सांगा. या १९ चोऱ्यांपैकी गुन्हे किती दाखल आहेत? अर्ज नाही विचारत, गुन्हे. गुन्हा रजिस्टर नंबर पडलेला आणि फिर्यादीची प्रत तुमच्या हातात असलेला गुन्हा.

हे विचारायचं कारण असं. "अर्ज देऊन जा, चौकशी करतो" असं म्हटलं की माणूस शिक्का मारलेली झेरॉक्स घेऊन समाधानानं घरी जातो. तो अर्ज फायलीत पडतो. महिन्याच्या क्राइम मीटिंगला साहेबांपुढं जातात ते दाखल गुन्ह्यांचे आकडे. तुमच्या गावापुढं शून्य असेल तर रात्रगस्तीची गाडी तुमच्या फाट्यावरून सरळ पुढं जाणार. एका बीटला एक हवालदार आणि एखादा शिपाई, गावं पंधरा-वीस. त्यात यात्रा, बंदोबस्त, समन्स, कोर्ट. माणूस कमी पडतो हे खरं. पण कमी माणसं कुठं पाठवायची ते कागद बघून ठरतं आणि तुमच्या गावचा कागद कोरा आहे.

मीही असे अर्ज घेतलेत. ठाण्याचा आकडा वाढू नये म्हणून वरून तोंडी सांगणं असायचं, आणि मी ते पाळलं. शेतकऱ्याला दारातून परत पाठवलेलं आज आठवलं की वाईट वाटतं, म्हणून इतकं लांबण लावतोय.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ वाचून जा. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की ती नोंदवायचीच आणि प्रत फुकट द्यायची. नाही घेतली तर लेखी तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडं, त्याच कलमात तसं आहे. चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला ३१७, आणि तोच ज्याचा धंदा आहे त्याला त्याच कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. भंगारवाल्यापर्यंत पोचायचं तर आधी चोरीचा गुन्हा कागदावर हवा. केबलीचं बिल सोबत न्या, बिल नसेल तर दुकानदाराकडून दुसरी प्रत घ्या.

शिवारफेरी, तुमची मिरची गेली त्याचं दुःख मला कळतं. पण ज्या दोघांना चोपलं त्यांच्याकडं माल सापडला होता का? तुम्ही ते लिहिलेलं नाही.

पालावरची शिक्षिका

मी पालात जन्मले. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटात, म्हणजे अशा जमातींना डांबायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड वाढले. हजेरी चुकली तर शिक्षा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. कायदा गेला तरी माझ्या लहानपणी आसपास कुठं चोरी झाली की जीप आधी आमच्याकडं यायची. आई वडिलांची भाकरी फडक्यात बांधूनच ठेवायची, कारण नेतील तेव्हा जेवायला वेळ देत नसत.

दादा, रिवाइंडिंगवाल्या दादांनी दिलेला हिशेब पुढं न्या. १९ केबली म्हणजे दोनशे किलो तांबं. शिवाय डीपीची कॉइल, लोखंडी ढापे. सहा पालांत गाड्या किती आहेत? ढापा उचलायला दोन माणसं लागतात आणि न्यायला टेंपो. रात्री नदीच्या रस्त्यानं टेंपो गेला तर गावातलं एकही कुत्रं भुंकलं नसेल?

आणि चोप देण्याबद्दल. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच माणसं जमावानं मारून टाकली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना. तिथल्या लोकांनाही त्या क्षणी आपण गाव वाचवतोय असंच वाटलं असेल.

पाटीलकी

मी शेजारच्या तालुक्यात पोलीस पाटील आहे. चार वर्षं जागा रिकामी असेल तर प्रांत कार्यालयात ग्रामपंचायतीचं पत्र द्या आणि पाठपुरावा करा. नवा माणूस, अनोळखी गाडी, रात्रीचा टेंपो ही खबर गावातून ठाण्यात पोचवणं हेच आमचं काम. ते करणाराच नाही म्हटल्यावर खबर पारावरच फिरत राहते आणि तिची अफवा होते.

ग्रामसुरक्षा यंत्रणेत गाव जोडलेलं आहे का बघा. १८००२७०३६०० हा टोल फ्री नंबर. आपण बोललेला निरोप आपल्याच आवाजात गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर जातो. आमच्याकडं त्याचा सगळ्यात जास्त उपयोग बिबट्या दिसला की होतो. ग्रामसुरक्षा दल काढणार असाल तर पोरांची यादी ठाण्यात द्या, पाळी लावा, शिट्टी आणि बॅटरी द्या. कुणी सापडला तर हात लावायचा नाही, ११२ ला फोन करायचा, हे पहिल्या दिवशीच सांगा.

नदीकाठचा

सगळ्यांचे आभार. ग्रामसभा झाली. काय झालं ते लिहितो.

खाकी काकांच्या प्रश्नानं झोप गेली. शनिवारी ज्यांच्या केबली गेल्या त्या सगळ्यांच्या दारी जाऊन आलो. १९ चोऱ्यांत अर्ज चार, त्यातले दोन माझेच. गुन्हा एकही नाही. कुणी म्हणाला दिवसाचा खाडा पडतो, कुणी म्हणाला गेल्या वेळी तीन चकरा मारल्या आणि साहेब बंदोबस्ताला. एकजण म्हणाला, "सगळं गाव पालाचं नाव घेतंय, मग तक्रार कशाला?" हे ऐकून मी गप्प बसलो, कारण पारावर पालाचं नाव पहिल्यांदा मीच घेतलं होतं. पहिली केबल गेली त्या दिवशी, रागात. हे मी वरच्या प्रश्नात लिहिलं नाही, ते आता लिहितो. त्याच पालातल्या एका म्हाताऱ्यानं दोन वर्षं माझ्या कांद्याच्या वखारीची राखण केलीय. एक पिशवी कमी झाली नाही.

सभेत उठून मी हेच सांगितलं. आरडाओरडा झाला. माझ्या सख्ख्या चुलत्यांनी "तू कुणाच्या बाजूनं?" म्हणून विचारलं. मग मी खिशातून तारेचे ते अकरा तुकडे काढून टेबलावर ठेवले आणि दोनशे किलोचा हिशेब मांडला. टेंपोचं विचारल्यावर मागून एका बाईंनी सांगितलं की ढापे गेले त्या रात्री त्यांनी टेंपो पाहिला होता. गेला तो पालाकडं नाही, हायवेकडं. इतके दिवस का बोलला नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, मला कुणी विचारलंच नाही.

ठराव पुढं ढकलला. रद्द झालेला नाही.

सोमवारी आम्ही सात जण बिलं घेऊन ठाण्यात गेलो. साडेचार तास बसलो. आधी अर्जाचंच सुरू होतं, मग मी कलम १७३ चं नाव घेतलं. शेवटी माझी फिर्याद, बाकी सहा जणांचे जबाब. गुन्हा नंबर पडला, प्रत हातात आहे. टेंपो पाहिलेल्या बाईंचा जबाब घ्यायला ते स्वतः गावात येणार म्हणालेत. भंगाराच्या काट्यांची तपासणी करा असंही फिर्यादीत लिहून घेतलंय. पुढं काय होतंय ते कळवीन.

पण एक गोष्ट हातातून गेली. सभेच्या आदल्या रात्री कुणीतरी गायरानात जाऊन दम दिला. सकाळी सहातली दोन पालं नव्हती. चुलीचे दगड तसेच, वर अर्धी जळलेली काटकी. राखणीचा म्हाताराही गेला. त्याची नात माझ्या मुलीच्या वर्गात, चौथीत. तिची गणिताची वही आमच्या घरी राहिलीय, दोघी मिळून अभ्यास करायच्या. शाळेचा दाखला काढायला कुणी आलं नाही. शिक्षिका ताई, दाखल्यावाचून तिचं वर्ष बुडेल का? त्यांना शोधायचं तर कुठं विचारू?

पालावरची शिक्षिका

दादा, दाखला नाही म्हणून कुठलीही सरकारी शाळा तिला परत पाठवू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे, प्रवेश आधी द्यायचा, दाखला मागून आला तरी चालतो. तुमच्या गुरुजींना हजेरीतून तिचं नाव इतक्यात कमी करू नका म्हणून सांगा.

शोधायचं तर राहिलेल्या चार पालांत जा. त्यांना ठाऊक असणार, पण पहिल्या दिवशी सांगणार नाहीत. एकटे जा, गाडी लांब लावा, मुलीला सोबत न्या आणि ती वही तिच्या हातात द्या.