मिसळीतला कट की पुरणाचा कट?

पंचवटीकर: मखमलाबाद रस्त्याला मित्राचं मिसळीचं हॉटेल आहे, त्याला इंग्रजी मेनूकार्ड करून हवंय. गाडी ‘एक्स्ट्रा कट’पाशी अडली. मी सगळ्या लाल रश्शालाच कट समजत होतो. त्याचा आचारी म्हणतो, पळीने वरचं तेल काढतो तो कट, खालचा रस्सा. सटाण्याची आमची मंडळी म्हणते, कट पुरणाचा, मिसळीला कसला आलाय कट! यातलं खरं काय?

बागलाणची लेक: वहिनींचं बरोबर. हरभऱ्याची डाळ शिजली की चाळणीवर ओतायची, खाली पातेल्यात उतरतं ते पाणी म्हणजे कट. माझ्या सासरी नगरकडे येळवणी म्हणतात. पहिल्या होळीला सासूबाई म्हणाल्या, “येळवणी बाजूला काढून ठेव.” मला ऐकू आलं गुळवणी. ढेपेतला चांगला मुठीएवढा गूळ फोडून टाकला. ती आमटी अजून निघते.

जुना मास्तर: फार चुकलं नाही तुमचं. दोन्हीतलं ‘वणी’ म्हणजे पाणीच. वेळणे म्हणजे शिजलेल्या अन्नातलं पाणी काढणे, त्यावरून वेळवणी, तोंडात येळवणी.

गोदाकाठ: मग सप्तशृंगीच्या वणीचं काय, मास्तर?

जुना मास्तर: विषय भरकटवू नका. वरच्या तेलाला मराठीत ‘तवंग’ हा अस्सल शब्द असताना लोक तर्री कशाला म्हणतात? फारसी ‘तर’ म्हणजे ओला, त्याची तरी, तिची तर्री.

गोदाकाठ: डबक्यावर डिझेल सांडलं की येतो तो तवंग. “दादा, जरा तवंग मार” म्हणून बघा कुठल्याही हॉटेलात. आणि फारसीत कशाला जायचं? तरते ती तर्री!

नागपूरहून बदली: आमच्याकडे तर्री पोह्यावर पडते, बुडात चणे असतात. म्हणजे नुसतं तेल नव्हे, अख्खा रस्साच तर्री. बाकी अस्सलच हवं असेल तर पाव पोर्तुगिजांचा, मिरचीही 16व्या शतकात त्यांच्याच जहाजांतून आलेली. नाव मात्र मरिचाचं, म्हणजे मिऱ्याचं. तवंग लाल कशाने करणार, मास्तर?

सिडकोवासी: पुण्यात या रश्शाला सॅम्पल म्हणतात. नमुना म्हणून मागायचं आणि पातेलं संपवायचं.

बागलाणची लेक: मला वाटतं, मिसळीचा कट पुरणाच्याच पोटचा. होळीच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या आमटीत आम्ही शेव कुस्करून खायचो. डाळीऐवजी मटकीचं पाणी घ्या, झाली मिसळ.

जुना मास्तर: ओढूनताणून आहे. पण मटकी उकडलेल्या पाण्यालाही कट म्हणतात, हे खरं. तिथून शब्द हळूहळू वरच्या तेलावर चढला असावा.

पंचवटीकर: इंग्रजीत काय लिहू ते सांगा ना कुणीतरी.

सिडकोवासी: रस्सा लिहा. नाशकात पोरगं जग घेऊन येतं तेव्हा “रस्सा?” एवढंच विचारतं. पापड मोडत आपण मान हलवतो.

बागलाणची लेक: दादा, वहिनी पुरणपोळी खापरावर करतात का? माझं खापर गेल्या वर्षी फुटलं. नाशकात कुठे मिळेल?

गोदाकाठ: बुधवारच्या बाजारात बघा. घेताना टिचकी मारून ऐका, बद्द वाजलं तर तडा आहे.