मॉडेल विमानाचं रेडियल इंजिन सायकलवर: थेट चेन लावली तर चालेल का?

संत्रानगरी_सायकल:
२६ इंची एमटीबी आहे, मागे डिस्क ब्रेक. तिच्यावर मॉडेल विमानाचं तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक रेडियल (सिलिंडर शाफ्टभोवती ताऱ्यासारखे मांडलेलं इंजिन) बसवायचं आहे, पेट्रोलवर चालणारं, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक) इग्निशनचं. ६० सीसी आणि १९ सीसी असे दोन पर्याय आहेत. योजना अशी, की प्रॉप (विमानाचा पंखा) काढायचा, त्याच शाफ्टवर १० दातांचं स्प्रॉकेट बसवायचं आणि ४१५ ची चेन मागच्या ४४ दातांच्या स्प्रॉकेटला जोडायची. वापर नागपुरातच. रस्ते बहुतेक सपाट, ताशी ३० चा वेग भरपूर झाला. यात नेमकं काय चुकतंय? ६० सीसीच घ्यावं असं मन म्हणतंय.

गिअर_गणित:
आधी मनाला समजवा, भाऊ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येप्रमाणे चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपेक्षा जास्त नसलेलं इंजिन असेल तर ते वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. ६० सीसी बसवलं की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं, आणि घरी जोडलेल्या सायकलची आरटीओत नोंदणी होण्याची आशा धरू नका. म्हणजे १९ सीसी. सैतोचं एफजी-१९आर३ या मापात बसतं.

आता थेट चेनचं बघू. १०:४४ म्हणजे ४.४ चं रिडक्शन (इंजिन ४.४ फेरे फिरलं की चाक एक फेरा). २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर, म्हणून ताशी ३० ला चाक मिनिटाला २४० च्या आसपास फिरतं. तेव्हा इंजिन जेमतेम १,०६० आरपीएमवर असेल, म्हणजे आयडलच्याही खाली. आणि ६,००० ला नेलं तर कागदावर ताशी १६९ किमी! अर्थात तिथे पोचायची ताकद त्यात नाही.

१९ सीसीकडून साधारण १ न्यूटन-मीटर टॉर्क धरा. ६,००० ला ६३० वॅटच्या जवळपास. सरळ बसून, सपाटीवर, ताशी ३० ला २५०-३०० वॅट पुरतात, त्यामुळे ताकद कमी नाही, गिअरिंग चुकलंय. एकूण रिडक्शन २४ च्या आसपास हवं आणि ते एका टप्प्यात होत नाही. पहिला टप्पा एचटीडी ५एम टायमिंग बेल्ट (५ मिमी अंतरावर दात असलेला), १५ मिमी रुंद, १८ दातांवरून ९० दातांवर, म्हणजे ५:१. दुसरा टप्पा चेन, ९ वरून ४४, म्हणजे ४.८९. गुणाकार २४.४. मग ६,००० आरपीएमला ताशी ३०.५ किमी मिळतात. चढावर मात्र जपून: या गिअरिंगला चाकाच्या टोकाला ६० न्यूटनच्या आसपासच जोर येतो. सेमिनरी हिल्स किंवा रामझुला पुलावर पॅडल मारावंच लागेल.

हिंगणा_लेथ:
गिअरिंग बरोबर. पण स्प्रॉकेट प्रॉपच्या शाफ्टवर बसवायचं हे डोक्यातून काढूनच टाका. त्या शाफ्टची बेअरिंगं प्रॉपची पुढची ओढ आणि वजन झेलायला असतात. चेन आडवी ओढते, तीही बेअरिंगच्या बाहेर लोंबकळत्या टोकावर. आधी पुढची बेअरिंग आवाज करते, मग क्रँकचं नाक वाकतं. रेडियलमध्ये मास्टर रॉड आणि लिंक रॉड एकाच क्रँकपिनवर असतात. क्रँक हलला की तिन्ही सिलिंडरचं गणित बिघडतं, आणि हे पार्ट लेथवर करून मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट कोणी बोललंच नाही: प्रॉप हेच या इंजिनाचं फ्लायव्हील. तो काढला तर आयडल टिकत नाही आणि स्टार्ट करताना उलटा झटका बसतो. १६ इंची प्रॉपच्या जवळपास जडत्व हवं तर ईएन-८ पोलादाची ९० मिमी व्यासाची, १२ मिमी जाड चकती करा. वजन ६०० ग्रॅम भरेल. रनआउट (फिरताना होणारी डगमग) डायल गेजवर ०.०५ मिमीच्या आत. शाफ्टवरच्या आट्यांची लांबी आधी मोजा. कमी पडत असेल तर चकतीत नटासाठी खोबण काढा, पण नट अर्ध्या आट्यांवर ठेवू नका. ‘वजन पुढच्या पुलीवर टाकलं तर?’ असं कोणी विचारेल. नाही चालत. ते वजन क्लचच्या पलीकडे जातं आणि आयडलला इंजिनाला दिसतच नाही.

क्लचसाठी ग्रास कटरचा ७८ मिमीचा सेंट्रिफ्युगल क्लच घ्या. विदर्भात शेतीअवजारांच्या दुकानात त्याचे पार्ट सहज मिळतात. दोन्ही शू (वेग वाढला की बाहेर फाकून ड्रमला पकडणारे तुकडे) फ्लायव्हीलच्या चेहऱ्यावर बोल्ट करा. ड्रम मात्र वेगळ्या १२ मिमी शाफ्टवर, दोन ६२०१ बेअरिंगांत. १८ दातांची पुली त्याच शाफ्टला. यातली खुबी अशी, की ड्रमला स्वतःचा आधार असल्यामुळे बेल्टची ओढ इंजिनापर्यंत जातच नाही. कपलिंग लागत नाही. ड्रम आणि शू यांचा मध्य ०.२ मिमीपेक्षा जास्त हलला तर उचल घेताना गाडी थरथरते आणि आयडललाही ओढते.

इंजिन, ड्रमचा शाफ्ट आणि मधला शाफ्ट (१५ मिमी, ६२०२ बेअरिंग) हे सगळं एकाच ६ मिमी ॲल्युमिनियम प्लेटवर घ्या आणि ती अख्खी प्लेट रबरावर कॅरिअरला. इंजिन तेवढं रबरावर घेतलंत तर बेल्टचा ताण दर खड्ड्याला बदलेल आणि बेल्ट दात सोडेल.

मिथेनॉल_नको:
वरचं सगळं केलं तरी मे महिन्यात इंजिन भाजून निघेल. नागपूरचं ४५ अंश तापमान धरून बोलतोय. हे इंजिन प्रॉपच्या वाऱ्यात बसायला बनलंय. सायकलचा ताशी ३० चा वारा म्हणजे सेकंदाला ८ मीटर. १६×८ चा प्रॉप (व्यास १६ इंच, पिच म्हणजे एका फेऱ्यातली पुढची चाल ८ इंच) ६,००० ला, पिचच्या हिशेबाने, सेकंदाला २० मीटर हवा ढकलतो. फरक कळला ना?

यावर उपाय प्रॉपच, पण छोटा. ९×६ चा तयार नायलॉन प्रॉप फ्लायव्हील आणि इंजिनाच्या मधे घ्या. पिचच्या हिशेबाने हवा १५ मीटर आणि खर्च फक्त ४०-५० वॅट. मोठा प्रॉप कापून छोटा करू नका, बॅलन्स जातो. पाण्याच्या मोटारीचा मागचा प्लास्टिक पंखा तर अजिबात नको: तो २,८०० आरपीएमचा असतो, ६,००० ला पाती सुटून मांडीत घुसतील. पूर्ण जाळीचं गार्ड हवंच, आणि याच कारणासाठी इंजिन फ्रेमच्या त्रिकोणात न घेता कॅरिअरवर घ्या. सिलिंडरांच्या मधल्या फटी अर्ध्या मिमीच्या पत्र्याने बुजवा, म्हणजे हवा फिनमधूनच (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांमधूनच) जाईल. तिन्ही प्लगखाली वॉशरवाले थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) बसवा. १५० अंशाला थ्रॉटल सोडायचा, १७० ला बंद करून उभं राहायचं. एकच सिलिंडर गरम दाखवत असेल तर तिथला पत्रा तपासा, कार्ब्युरेटरची (पेट्रोल कमी-जास्त करणारी) सुई फिरवू नका.

विमानाच्या कार्ब्युरेटरला एअर फिल्टर नसतो, कारण वर धूळ नसते. आपल्या रिंग रोडवर असते. तेलात भिजवून पिळलेला फोमचा फिल्टर लावा आणि नंतरच ट्यूनिंग करा: पूर्ण थ्रॉटलला सर्वोच्च आरपीएम शोधा, मग २००-३०० खाली येईपर्यंत मुख्य सुई उघडा. पंपावरच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला सुई एरवीपेक्षा जास्त उघडी लागते. या इंजिनात ऑइल चेंबर नाही, तेल पेट्रोलमध्येच. मॅन्युअलमधलं प्रमाण पाळा. २०:१ म्हणजे लिटरला ५० मिली. इथेनॉल पावसाळ्यात ओलावा ओढतं आणि बेअरिंगला गंज चढतो, म्हणून टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) थोडं तेल सोडायचं.

संत्रानगरी_सायकल:
ठरलं, १९ सीसी. दोन शंका. स्टार्ट कसं करायचं? आणि थांबलेल्या सायकलवरून थ्रॉटल दिला तर क्लच उचलेल का?

हिंगणा_लेथ:
नाही उचलणार. हा क्लच साधारण ३,५०० आरपीएमला पकडतो, म्हणजे तुमच्या गिअरिंगला ताशी १८ किमी. त्याखाली तो घसरत राहतो, ड्रम निळा पडतो आणि स्प्रिंग मऊ होते. पॅडल मारून १५ पर्यंत न्या, मग थ्रॉटल. सिग्नलवरून निघताना प्रत्येक वेळी हेच. मागचं स्प्रॉकेट स्पोकला रबराने आवळायचं असेल तर ९ बोल्टचं येतं, ३६ स्पोकसाठी. तुमच्या एमटीबीचे स्पोक आधी मोजा, आणि मागची डिस्कही त्याच बाजूला असते, तिथे जागा उरते का तेही बघा. काळ्या मोठ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असतात, तिथे बसत नाही.

मिथेनॉल_नको:
स्टार्टला बॅटरीचं ड्रिल, मधे वन-वे बेअरिंग, म्हणजे इंजिन लागल्यावर ड्रिल ओढलं जात नाही. पण त्याआधी इग्निशन बंद ठेवून हाताने दोन पूर्ण फेऱ्या द्यायच्याच. रेडियलच्या खालच्या सिलिंडरांत तेल आणि पेट्रोल साचतं. हाताला अडकलं तर त्या सिलिंडरचा प्लग काढून तेल बाहेर काढा. ड्रिलने जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एक सिलिंडर सरळ वर येईल असं बसवा. उलटं बसवलं तर एक सिलिंडर थेट खाली येतं आणि दर सकाळी हाच त्रास.

ब्रीदरची नळी बाटलीत सोडा. ते तेल मागच्या डिस्कवर गेलं तर ब्रेक गेला समजा.

गिअर_गणित:
एवढं वाचून नुसती सायकलच पळवायची असेल तर होंडाचं जीएक्स२५ बघा: बरोबर २५ सीसी, स्वतःचं तेल, स्वतःचा पंखा, दोरीचा स्टार्टर. रेडियलचा आवाज नाही येणार, तेवढं एकच. रेडियलच घेणार असाल तर तिन्ही एक्झॉस्ट स्टीलच्या लवचीक नळीने एका सायलेन्सरमध्ये आणा. सिलिकॉनची नळी सिलिंडरच्या टोकाला जळते.